मुली मैदानात आल्या, शिट्टी कोणाच्या हातात?

धावपट्टी (धागालेखिका)

मंडळी, बरीच वर्षं मुलींच्या संघांबरोबर आहे. आधी खेळाडू होते, आता प्रशिक्षक आहे. एक विषय डोक्यात घोळतोय, तो इथे टाकते.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंसाठी पहिल्यांदाच सारख्या जागा ठेवल्या होत्या. १९०० साली याच पॅरिसमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ऑलिंपिक खेळल्या, तेव्हा हजारभर खेळाडूंमध्ये त्या होत्या फक्त २२. मोठीच मजल म्हणायची. पण त्याच २०२४च्या स्पर्धेत प्रशिक्षकांमध्ये स्त्रिया किती होत्या? शंभरात तेराच्या आसपास. धावणारी, झेपावणारी, घाम गाळणारी ती. संघ निवडणारा, वेळापत्रक लावणारा, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारा बहुतेक वेळा तो.

मुलींनी खेळावं याला आता तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. 'खेळू दे की' इथपर्यंत सगळे आलेत. 'चालवू दे की' म्हणायची वेळ आली की लोकांना खोकला येतो.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. तेरा-चौदाव्या वर्षी मुली खेळ सोडतात, आणि पुढे बायका प्रशिक्षक, पंच, पदाधिकारी होत नाहीत, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जिला लहानपणापासून मैदानावर एकही निर्णय घ्यायला मिळाला नाही, ती तिथे लिंबूटिंबूच राहते. सगळ्यांबरोबर पळते, पण तिच्यावर राज्य कधी येत नाही. मग एक दिवस ती यायची बंद होते आणि आपण म्हणतो, 'तिला आवडच नव्हती.'

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतं तर जरूर लिहा.

नुसतीवाचक

वाचतेय. खोकल्याला +१.

शंकासुर

लेख चांगला, निष्कर्ष घाईचा. खेळाडूंचा आकडा आत्ता कुठे बरोबरीला आलाय. खेळणाऱ्या वाढल्या की पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार होतील, हे आपोआप होणारं आहे. शिवाय आमच्या क्लबात प्रशिक्षकाची जागा निघाली तेव्हा एकाही बाईचा अर्ज नव्हता. अर्जच येत नसतील तर नेमायचं कुणाला?

धावपट्टी

शंकासुर, 'आपोआप' हा प्रयोग करून झालाय. अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, इतकंच त्या कलमात होतं. खेळाचं नावसुद्धा नव्हतं. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो खेळात. त्याआधी हायस्कूलच्या संघांत मुली होत्या ३ लाखांच्या आत, आता ३० लाखांच्या वर आहेत.

आता दुसरी बाजू. १९७२मध्ये तिथल्या कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पुढे तो वाटा घसरत निम्म्याच्याही खाली गेला आणि आजही तिथेच रेंगाळलाय. खेळणाऱ्या मुली दसपट झाल्या, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत बायकांचा हिस्सा अर्ध्यावर आला! यात गूढ काही नाही. आधी ते काम फुकट किंवा किरकोळ मानधनावर चालायचं, तोवर ते बायकांचं होतं. कायद्यानंतर पगार आले, प्रतिष्ठा आली, मुलांचे आणि मुलींचे क्रीडाविभाग एकत्र झाले. एकत्र झालेल्या विभागाचा प्रमुख बहुतेक ठिकाणी मुलांच्या विभागाचाच माणूस झाला. नेमणुका त्याच्या हातात, ओळखी त्याच्या.

म्हणून म्हणते, आपोआप काय होतं? पैसा जिकडे जातो तिकडे ज्यांच्या ओळखी आधीपासून आहेत ते पोचतात.

तुमच्या क्लबाची जाहिरात कुठे लागली होती आणि तिच्यात काय लिहिलं होतं, हेही सांगा ना.

मधली_फळी

धावपट्टीताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून एक जुनी गोष्ट.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. डिक, कर लेडीज हे त्याचं नाव. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, प्रेक्षक होते ५३,०००. मैदान भरल्यामुळे हजारोंना बाहेरूनच परतावं लागलं. एक वर्ष पुरतं व्हायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांचे सामने खेळवायला बंदी घातली. कारण काय, तर हा खेळ बायकांना योग्य नाही. ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

बघायला गर्दी होती, खेळायला मुली होत्या, आणि पैसाही जमत होता, तोही बराचसा धर्मादाय कामांसाठी. नव्हतं ते एवढंच, की मैदान द्यायचं की नाही हे जिथे ठरलं त्या बैठकीत त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी.

उलट उदाहरणही आहे. क्रिकेटचा पहिला विश्वचषक पुरुषांचा नव्हता हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? बायकांचा झाला १९७३ला, पुरुषांचा दोन वर्षांनी. इंग्लंडची कप्तान रेचल हेहो फ्लिंट हिनं त्यासाठी धडपड केली, उद्योगपती जॅक हेवर्ड यांच्याकडून पैसा उभा केला आणि वर चषकही जिंकला. आयोजनाची सूत्रं बायकांकडे होती म्हणून त्यांना कुणाची वाट बघावी लागली नाही.

शंकासुर

टायटल नाइनच्या आकड्यांची दुसरी बाजू मला माहीत नव्हती. तेवढा मुद्दा मान्य. १९२१ मात्र फार लांबचं झालं.

जाहिरात कुठे लागली होती? क्लबाच्या सूचनाफलकावर. आणि व्हॉट्सअॅपवर समितीच्या ग्रुपमध्ये. (समितीत बाई नाही. हसू नका.)

नुसतीवाचक

हसले.

बाबा_गाडीवाला

मी या विषयातला जाणकार नाही. माझं काम मुलीला सरावाला सोडणं आणि आणणं. ती तेरा वर्षांची आहे, तीन वर्षं बास्केटबॉल खेळते. गेले काही महिने दर वेळी काहीतरी कारण असतं. कधी पोट, कधी अभ्यास, कधी 'आज नको ना बाबा'. सोडायचंय का विचारलं तर नाही म्हणते, सरावाला चल म्हटलं तरी नाही म्हणते. हिची आई म्हणते तिला तिच्या कलानं घेऊ दे. मला वाटतं, आत्ता सोडलं तर परत होणार नाही. कुणी यातून गेलंय का?

गुडघेदुखी

गाडीवाले दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे (आयडीवरून कळलं असेलच). या वयाच्या मुली माझ्याकडे दुखणं घेऊन येतात, आणि दुखण्याच्या आडून बरंच काही बाहेर येतं. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी लिहिते. तुमच्या मुलीचं यातलंच असेल असं नाही.

पहिलं म्हणजे कपडे. पाळी नुकतीच सुरू झालीय आणि संघाचा गणवेश पांढरा आहे, एवढ्यावर मुली सराव बुडवतात. लहान मुलीची लाज म्हणून सोडून देऊ नका. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघानं २०२३च्या विश्वचषकाआधी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या. त्याच वर्षी विम्बल्डननं स्कर्टच्या आत गडद रंगाच्या चड्ड्या घालायला परवानगी दिली. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना जे अवघड जात होतं ते तेरा वर्षांच्या मुलीला जाणारच. धड बसणारी स्पोर्ट्स ब्रा ही सुद्धा चैन नव्हे. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ला अमेरिकेत जन्मली, पळायला जाणाऱ्या बाईनं आणि तिच्या मैत्रिणींनी पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप (खेळताना आत घालायचे आधारपट्टे) एकत्र शिवून केली. तोपर्यंत खेळाचं सामान बनवणाऱ्या कुणाला ही गरज दिसलीच नव्हती!

दुसरं, शरीर बदलतं. उंची झपाट्यानं वाढते, वजनाचा तोल सरकतो, कालपर्यंत सहज जमणारी उडी आज जमत नाही. मुलीला वाटतं आपण बिघडलो. 'वजन वाढलंय, पळ जरा' अशी एक टिप्पणी पुरते. प्रशिक्षकांनी वजनावर चारचौघांत बोलू नये, एवढा एक नियम पाळला तरी माझे अर्धे पेशंट कमी होतील. यातूनच पोरी कमी खायला लागतात, पाळी थांबते, आणि कुणीतरी तिला सांगतं की जास्त व्यायामानं असं होतंच. होत नाही. मेहनतीच्या मानानं पोटात कमी जातंय, याची ती खूण असते. पुढे हाडं ठिसूळ होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरकडे न्यायचं, शाबासकी द्यायची नाही.

तिसरा माझा लाडका, गुडघा. उड्या आणि झटकन दिशा बदलणं असलेल्या खेळांत गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आहे. कारणं सगळीच शरीरात नाहीत. मुलांना लहानपणापासून ताकदीचा व्यायाम शिकवतात, मुलींना उशिरा किंवा कधीच नाही. उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरायचं कसं, हे शिकवता येतं. फुटबॉलसाठी 'फिफा ११+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, त्याला खास साहित्य लागत नाही. नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. नियमित हा शब्द दोनदा वाचा. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकालाही त्यातून पुष्कळ घेण्यासारखं आहे.

जाता जाता एक. बायकांना काय झेपतं हे ठरवण्यात माझ्या क्षेत्राचा इतिहास काही फार चांगला नाही. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राडकेनं ८०० मीटर विश्वविक्रमी वेळेत जिंकली. वृत्तपत्रांनी मात्र बायका कशा कोसळल्या याची रसभरीत वर्णनं छापली, अन् २०० मीटरच्या वरच्या शर्यती बायकांसाठी १९६०पर्यंत बंद. दमलेले पुरुष धावपटूही आडवे पडतातच की. त्याला जिद्द म्हणतात.

उशिरा_सुरू

गुडघेदुखी, काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

कपड्यांवरून आठवलं. २०२१मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनी बॉटमऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला होता. पुरुष शॉर्ट्समध्येच खेळत होते. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. नियम लिहिणाऱ्यांत रोज तो पोशाख घालून खेळणारी कुणी असती तर मुळात तो लिहिलाच गेला नसता.

धावपट्टी

अगदी. ऑलिंपिक समितीत पहिल्या स्त्री सदस्य आल्या १९८१ला. समिती स्थापन झाली होती १८९४ला. कर्स्टी कॉव्हेंट्री २०२५ला अध्यक्ष झाल्या, त्या या पदावरच्या पहिल्या स्त्री. इतकी वर्षं बायकांनी काय खेळायचं, किती पळायचं आणि काय घालून पळायचं, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवत होतं.

रिकामटेकडा

म्हणजे आता आरक्षण मागणार तर. गुणवत्तेचं काय? मला माझ्या मुलीसाठी चांगला कोच हवा, बाई की बुवा याच्याशी मला देणंघेणं नाही.

मधली_फळी

आज नेमणुका गुणवत्तेवर होतात असं गृहीत धरलंत, गंमत वाटली. शंकासुरांची जाहिरात वर वाचा.

गुणवत्तेचंच बोलायचं तर फुटबॉल प्रशिक्षक सरीना विगमान बघा. २०१७ला नेदरलँड्सला महिलांचा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकून दिला, मग २०२२ आणि २०२५ला इंग्लंडला. सलग तीन स्पर्धा, दोन देश. तरीही २०२३च्या महिला विश्वचषकातल्या ३२ संघांपैकी १२ संघांच्याच मुख्य प्रशिक्षक बायका होत्या. हा झाला बायकांचा विश्वचषक. पुरुषांच्या संघांचं तर बोलायलाच नको.

राखीव जागांबद्दल माझं मत तुमच्या अंदाजापेक्षा कोमट आहे. फिफानं २०१६च्या सुधारणांत प्रत्येक खंडाच्या महासंघातून किमान एक स्त्री परिषदेवर असली पाहिजे असं ठरवलं. दार उघडलं, चांगलं झालं. पण 'किमान एक'चं फार लवकर 'फक्त एक' होतं. बारा जणांच्या समितीत एकटी बाई बसवली की तिच्याकडे बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांचं स्वागत येतं. मी बसलेय अशा खुर्चीवर. दोघी-तिघी असल्या तरच बैठकीत वाक्य पुरं करता येतं. एकीला तोडलं तर दुसरी म्हणते, तिचं संपू दे. म्हणून घ्यायच्या तर निदान दोन-तीन घ्या, आणि त्यातल्या एकीकडे पैशाचा हिशोब द्या.

रिकामटेकडा

हिशोबाचा मुद्दा पटला. बाकी विचार करतो.

उशिरा_सुरू

माझी गोष्ट वेगळ्या टोकाची. शाळेत पी.टी.च्या तासाला सावलीत बसणाऱ्यांपैकी मी. चाळिशी उलटल्यावर पळायला लागले, आता आम्ही आठ-दहा जणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेटतो. आईला खेळताना बघितलेली मुलगी वेगळी असते, हे घरात बघतेय. पूर्वी मी तिला 'जा, खेळ' म्हणायचे तेव्हा तिच्या लेखी तो अभ्यासासारखाच एक हुकूम होता. आता ती माझी वेळ लावते आणि मला ओरडते.

प्रौढ बायकांना खेळात आणायचं तर स्फूर्तिदायक भाषणं नकोत. सरावाची वेळ सांगा, स्वच्छ आणि कडी लागणारं स्वच्छतागृह द्या, परतीच्या रस्त्यावर दिवे असू देत, आणि पहिल्या महिन्यात कुणी वेगावर बोलू नका. मुलं बरोबर आणता आली तर उत्तम.

मधली_फळी

मुलांवरून माझं स्वतःचं सांगते. मी प्रशिक्षकाचं काम काही वर्षं करून सोडलं. आवड गेली नव्हती. सराव संध्याकाळी, सामने शनिवार-रविवारी, दौऱ्यावर चमूत एकटी बाई, करार एका हंगामाचा. बाळ झालं आणि पुढच्या हंगामाचं पत्र आलंच नाही. कुणी काढून टाकलं नाही, नुसतं बोलावलं नाही.

मोठ्या पातळीवर यावर थोडं काम होतंय. व्यावसायिक महिला फुटबॉलपटूंना किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि परतल्यावर संघात जागा, हा फिफाचा नियम २०२१पासून आहे. २०२४मध्ये महिला प्रशिक्षकांनाही त्यात घेतलं. छोट्या क्लबात हे कोण देणार, ठाऊक आहे. पण दोन प्रशिक्षकांनी मिळून एक संघ सांभाळणं, दौऱ्यावर बाळाला आणि सांभाळणारीला जागा देणं, करार दोन हंगामांचा करणं, यात फार पैसा नाही. शंकासुर, तुमच्या पुढच्या जाहिरातीत एवढं लिहा आणि ती माजी खेळाडूंना स्वतः फोन करून सांगा. बऱ्याच बायका 'मला अजून येत नाही' म्हणून अर्ज करत नाहीत. जी बाई दहा वर्षं त्या जागेवर खेळली तिला येत नाही कसं?

शंकासुर

फोन करण्याची कल्पना समितीत मांडतो. सूचनाफलक बदलण्यापेक्षा सोपी आहे.

चौथा_अंपायर

उशिरा आले धाग्यावर. मी पंचगिरी करते, स्थानिक पातळीवर. (आयडी पुल्लिंगी वाटतो, मुद्दाम ठेवलाय. प्रतिसाद वेगळे येतात.)

पंचांबद्दल इथे अजून कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. खेळाडू म्हणून फार पुढे न गेलेल्या मुलीला खेळात राहायला यासारखा रस्ता नाही. शिवाय हा अधिकार असा आहे की तो दिला की पूर्ण द्यावा लागतो, अर्धी शिट्टी वाजत नाही. क्लेअर पोलोसाक २०१९ला पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात अंपायर म्हणून उभी राहिली. त्याच वर्षी जी. एस. लक्ष्मी आयसीसीच्या पहिल्या महिला सामनाधिकारी (मॅच रेफरी) झाल्या. २०२२च्या पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनी-कोस्टा रिका सामन्यात स्टेफनी फ्रापार मुख्य पंच होती आणि दोन्ही सहायकही बायकाच. २०२३च्या जानेवारीत वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन रणजी सामन्यांत उभ्या राहिल्या. रणजी स्पर्धा १९३४पासून चालू आहे.

माझ्या पातळीवर काय होतं? पहिल्या दहा मिनिटांत तपासलं जातं. एक कप्तान मुद्दाम फालतू अपील करतो, बाहेरून कुणीतरी 'मॅडम, नियम माहितीये ना' म्हणतं. ओरडून काही होत नाही. पहिला कठीण निर्णय लगेच, हात पूर्ण वर करून द्यायचा, आणि स्पष्टीकरण फक्त कप्तानाला, एका वाक्यात. हे येण्यासाठी सराव लागतो, आणि तो सराव बारा-तेराव्या वर्षी सरावसामन्यांत मिळाला तर पुढे आवाज कापत नाही. मुलींना घरात आणि शाळेत 'मोठ्यानं बोलू नकोस' ऐकायची इतकी सवय असते की पहिल्या शिट्ट्या ऐकूसुद्धा येत नाहीत. मी आधी नुसतं शिट्टी वाजवायला लावते, पलीकडच्या गोलजवळ उभ्या मुलीला दचकायला होईपर्यंत.

बाबा_गाडीवाला

परत आलो. सगळे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. मुलीशी बोललो, गाडीतच, समोर बघत. (इथल्याच कुठल्यातरी धाग्यावर वाचलं होतं की मुलं गाडीत बोलतात. बोलतात.)

कपड्यांचा थोडा भाग आहे, तो सुटेल. खरं कारण निघालं ते असं: तिला सामन्यात घेतच नाहीत. पूर्ण हंगाम बाकावर. सर म्हणतात, 'पुढच्या वर्षी बघू.' बाकावर बसून बाटल्या भरणं आणि मोठ्या मुलींचे बॉल गोळा करणं चालू आहे. तिच्याबरोबरची मैत्रीण सोडून गेली, आता हीच एकटी राहिलीय. सरांशी बोलायचं तर आहे, पण मला 'माझ्या मुलीला खेळवा' म्हणणारा पालक व्हायचं नाही.

धावपट्टी

मग तसं म्हणूच नका. सरांना विचारा, 'सामन्यात येण्यासाठी तिनं काय सुधारायला हवं, त्यातल्या दोन गोष्टी तिला सांगाल का?' शक्यतो हे तिनं स्वतः विचारावं, तुम्ही लांब उभे राहा. उत्तर नेमकं मिळालं तर सर बरे आहेत. 'बघू' एवढंच मिळालं तर दुसरा संघ शोधा. या वयात सगळ्यांना खेळायला न देणारा प्रशिक्षक जिंकत असेल, पण शिकवत नाही.

आमच्याकडे सरावात कामं फिरती असतात. एक जण वॉर्म-अप घेते, एक पंच, एक गुण लिहिते आणि सरावानंतर दोन वाक्यांत सांगते की काय चाललं आणि काय नाही. एक जण संघ पाडते, हे सगळ्यात अवघड, कारण मैत्रिणीला दुसऱ्या बाजूला टाकावं लागतं. चांगलं खेळणारीलाच ही कामं द्यायची नाहीत, नाहीतर नेतृत्व म्हणजे गोल करणं असा समज होतो. माझ्याकडची सगळ्यात चांगली कप्तान साधारण खेळाडू होती, पण कोण गप्प आहे हे तिला आधी कळायचं.

अजून एक, आणि हे सरांच्या वागण्याशी जोडून वाचू नका, सगळ्याच पालकांसाठी लिहितेय. प्रशिक्षकानं एकट्या मुलीशी बंद दारामागे भेटायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, शरीराला हात लावून दुरुस्ती करायची तर आधी विचारायचं. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचा नंबर मुलींकडे असायला हवा, आणि ती व्यक्ती प्रशिक्षकाच्या हाताखालची नसावी. निर्णय घ्यायची सवय असलेली मुलगी 'नाही' लवकर म्हणते, पण तिच्या धीरावर सगळं सोडून चालत नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरविरुद्ध २०१८ला दीडशेहून जास्त स्त्रियांनी लैंगिक शोषणाबद्दल न्यायालयात जबान्या दिल्या. त्यातल्या काहींनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी मोठ्या माणसांना सांगितलं होतं.

गुडघेदुखी

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. आणि बाकावर बसलेल्यांना सामन्याआधी नीट वॉर्म-अप करू द्या हो. शेवटची पाच मिनिटं थंड अंगानं आत पाठवतात, मग माझ्याकडे पाठवतात.

मधली_फळी

कप्तान निवडायची कशी? आम्ही मतदान घ्यायचो. दर वेळी सगळ्यात लोकप्रिय मुलगीच.

धावपट्टी

मी मतदानाच्या विरुद्ध आहे. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात दर सामन्याला वेगळी कप्तान, मग मी ठरवते आणि का ते सगळ्यांसमोर सांगते.

चौथा_अंपायर

मी मतदानाच्या बाजूनं आहे, पण मत देताना कारण लिहायला लावायचं. 'ती छान आहे' हे कारण बाद. या विषयावर आपलं जमणार नाही, धावपट्टीताई.

बाबा_गाडीवाला

आजची बातमी. तिनं स्वतः विचारलं. सरांनी दोन गोष्टी सांगितल्या: डाव्या हातानं ड्रिबल, आणि बचावात मागे पळताना बोलत राहणं. शिवाय धावपट्टीताईंची फिरत्या कामांची कल्पना मी सरांच्या कानावर घातली, तर म्हणाले रविवारी छोट्या मुलींचा सरावसामना आहे, पंच म्हणून येऊ दे हिला. ती घाबरलीय आणि खूशही आहे. प्रश्न असा की पालक बाहेरून ओरडले तर तिनं काय करायचं?

चौथा_अंपायर

तिनं काहीच करायचं नाही, ते काम सरांचं. सामन्याआधी त्यांनी पालकांना सांगावं की पंच शिकाऊ आहे आणि निर्णयावर बाहेरून कुणी बोलायचं नाही. ती फक्त दोन्ही कप्तानांशी बोलेल. पहिल्या दिवशी तिला सगळे नियम लावू देऊ नका. ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता तो घेऊन पळणं), रेषेबाहेर आणि ढकलाढकली एवढंच बघू दे, बाकीचं सर बघतील. शिट्टी आधी, हाताची खूण नंतर, तोंडानं शेवटी. शिट्टी तिची स्वतःची हवी, संघाच्या पिशवीतली नको. आणि पाण्याची बाटली दुसऱ्या कुणालातरी भरू दे.

तुम्ही रेषेपासून पाच पावलं मागे उभे राहा. टाळ्या दोन्ही संघांना.